काळ्या रंगाखालची चीर

मित्रांनो, मला स्वतःचे इंजिन नाही, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या गाडीने ओढले तरच मी चालते. एरवी जिथे उभी केली तिथे उभी राहते. मी एक जुनी घरगाडी आहे. इंग्रजीत मला कॅरॅव्हॅन म्हणतात, सुरतेत कुणी ट्रेलर म्हणते, पण ज्यांनी मला शेवटी घरी नेले त्यांनी मला घरगाडी म्हटले आणि तेच नाव मला आवडते.

माझ्या पोटात दोन बाक आहेत, झोपताना त्यांचे पलंग होतात. भिंतीला घडीचे टेबल आहे, छोटासा ओटा आहे, नळ आहे. दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या आहेत. पुढच्या बाजूला एक लांब लोखंडी दांडा आहे. त्याच्या टोकाला उलट्या वाटीसारखा हुक आहे. ओढणाऱ्या गाडीच्या मागे लोखंडी गोळा असतो, त्यावर हा हुक बसला की मी तिच्यामागे निघते. माझे सगळे वजन, माझ्यातले सगळे सामान त्या एका दांड्याच्या भरवशावर चालते. माझ्या गोष्टीत त्या दांड्यालाच जास्त महत्त्व आहे.

इच्छापोरमधल्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. आजूबाजूला मोठमोठे कारखाने होते आणि हजिऱ्याकडून खारा वारा यायचा. तिथल्या कारागिरांनी एरवी ट्रकच्या बॉड्या बांधल्या होत्या. घर बांधायची त्यांची पहिलीच वेळ. त्यामुळे ते माझ्याभोवती सारखे फिरायचे, आत येऊन बाकावर बसून बघायचे आणि हसायचे. एका हौशी शेठने मला बनवून घेतले होते. सुरतेतली कुटुंबे सुट्टीत सापुताऱ्याला, उकाईला, तिथल गावच्या समुद्रावर जातात. त्यांना हॉटेलाऐवजी मला भाड्याने द्यायचे, असा त्याचा धंदा होता.

मला ओढायला शेठने एक ड्रायव्हर ठेवला. त्याचे नाव योगराज.

योगराज मूळचा खानदेशातला, साक्रीकडचा. तरुणपणी सुरतेला आला, आधी पांडेसऱ्यात मागावर काम केले, मग गाडी शिकला. मित्रांनो, त्याने मला जसे सांभाळले तसे खुद्द शेठनेही सांभाळले नाही. निघण्याआधी तो माझ्याभोवती पूर्ण फेरी मारायचा. टायरांवर मूठ आपटून हवा बघायचा. हुकाला ग्रीस लावायचा. हुक गोळ्यावर बसला की दांडा वर ओढून बघायचा, निसटत तर नाही ना. मग दांड्याखालून साखळ्या एकमेकींवरून नेऊन गाडीला अडकवायचा. दिव्यांची वायर जोडून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचा आणि मागे पळत येऊन माझा लाल दिवा लागला का ते बघायचा.

एकदा एका पाहुण्या बाईंनी पाण्याचे सगळे कॅन माझ्या मागच्या टोकाला रचले. योगराजने ते एकेक करून पुढे आणले. बाई रागावल्या तर म्हणाला, "ताई, मागे वजन जास्त झालं की ही शेपूट हलवते. एकदा शेपूट हलायला लागली की मग गाडी माझं ऐकत नाही." आणि माझ्या आत कुणाला बसवून तो कधी गाडी चालवायचा नाही. पोरे हट्ट करायची, तरी नाही. ओढल्या जाणाऱ्या गाडीत माणूस बसवायचा नसतो, हे त्याने किती जणांना समजावले असेल!

ती माझी चांगली वर्षे होती. सापुताऱ्याच्या तळ्याकाठी माझे दार उघडले की मुले आत धावत सुटायची. एक म्हातारी आजी तर माझा छोटा ओटा बघून टाळ्या वाजवत म्हणाली, "आ तो ढींगलीनुं घर छे!" बाहुलीचे घर म्हणाली मला. मी फार खूश झाले होते.

दुपारी पाहुणे फिरायला गेले की योगराज माझ्या पायरीवर बसून डबा खायचा. डबा बहुतेक वेळा पुष्पाबाईंच्या घरचा असायचा. पुष्पाबाई त्याच्याच गावच्या. नात्याने कुणी नव्हत्या, पण योगराज सुरतेला आला तेव्हा त्याला ना खोली होती ना ओळख. पुष्पाबाई आणि त्यांचे यजमान चिंधा यांनी त्याला आपल्या एका खोलीत जागा दिली. लग्न होईपर्यंत तो त्यांच्याकडेच जेवला. तो त्यांना आक्का म्हणायचा. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाताना मला ऐकू जाईल असे म्हणायचा, "आक्काना हातनं शे. असं कोठेच नही भेटस." मी पुष्पाबाईंना पाहिले नव्हते, पण त्यांच्या ठेच्याचा वास मला ओळखीचा झाला होता.

मग एका फेरीत सापुताऱ्याहून उतरताना वघईजवळ एक दुचाकी चुकवायला गाडी खड्ड्यातून गेली. माझ्या दांड्यातून 'टक्' असा आवाज आला. योगराजने लगेच गाडी बाजूला घेतली. तो रस्त्यावर पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला आणि बोटाने चाचपत चाचपत, दांडा माझ्या सांगाड्याला जिथे जोडला आहे तिथे आला. तिथे एक चीर पडली होती. केसाएवढी बारीक, पण खोल. त्याने तिच्यावरून नख फिरवून पाहिले, ते अडकले.

सुरतेला पोचेपर्यंत त्याने बैलगाडीच्या चालीने मला आणले. शेठला म्हणाला, "शेठ, दांडा तड़क गया है. वेल्डिंग से नहीं चलेगा, पूरा बदलना पड़ेगा. तब तक मैं नहीं खींचूँगा. लोगों के बाल-बच्चे रहते हैं साथ में."

शेठ म्हणाला, पुढच्या सीझनला बघू. पुढचा सीझन आलाच नाही. आजाराची साथ आली, लोक घरात बसले, शेठचा धंदा बसला. मला इच्छापोरच्याच एका मोकळ्या प्लॉटवर नेऊन उभे केले आणि विसरून गेले.

मित्रांनो, उभे राहण्यानेही गाडी झिजते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. खाऱ्या वाऱ्याने माझ्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे गंजले. टायर उन्हात तडकले. छताच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून खालचा प्लायवूड भिजला, फुगला आणि कुजला. एका खिडकीतून वेल आत शिरला. उंदरांनी गाद्या पोखरल्या. सुरुवातीला योगराज रविवारी यायचा, माझ्या काचा पुसायचा, दार उघडून थोडा वेळ बसायचा. जाताना दारावर थाप मारून म्हणायचा, "आराम कर मनी माय." पुढे त्याचे येणे कमी झाले. तरी तो एक दिवस येईल आणि मला बरे करील, असे मला वाटत राहिले. दुसऱ्या कुणाकडून तशी आशा ठेवण्यासारखे नव्हतेच.

आणि तो खरोखर आला. शेठने प्लॉट विकायला काढला होता. त्याने योगराजला सांगितले, ते धूड तू घेऊन जा, तुझे झाले. योगराज माझ्याभोवती पूर्वीसारखाच फेरी मारायला लागला. मला वाटले, आता मी त्याचीच. किती आनंद झाला म्हणून सांगू!

त्याच्या मनात वेगळेच होते. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या, आता स्वतःचा माल-टेम्पो घ्यायचा, असे त्याने ठरवले होते. शोरूममध्ये जाऊन तो बघूनही आला होता. मला चांगल्या भावाला विकले की टेम्पो दारात येणार होता. मला नीट दुरुस्त करण्यात पैसे गेले असते तर टेम्पो राहून गेला असता. हे तो फोनवर बायकोला सांगत होता, माझ्या पायरीवर बसून.

दुसऱ्या दिवशी तो पुट्टीचा डबा आणि रंग घेऊन आला. पाठीवर झोपून माझ्याखाली सरकला. ती चीर शोधायला त्याला वेळ लागला नाही. आता ती नखाएवढी रुंद झाली होती. त्याने तिच्यात पुट्टी भरली आणि वरून पत्र्याच्या पात्याने सारखी केली. मला वाटले, हा पहिला उपाय असेल. उद्या वेल्डर येईल, दांडा कापेल, नवा बसवील. मी वाट बघितली. वेल्डर आला नाही. पुट्टी वाळली तसा योगराजने पूर्ण दांड्याला काळा चकचकीत रंग दिला.

कुजलेल्या जमिनीवर त्याने फुलाफुलांचे रेक्झिन अंथरले. तडकलेल्या टायरांना काळे पॉलिश लावले. काम करताना तो नेहमी माझ्याशी बोलायचा. त्या दिवसांत एक शब्द बोलला नाही.

कुणीतरी अनोळखी माणूस मला घ्यायला येईल, एवढेच मी समजून होते. दार उघडले आणि एक ठेंगणी, सावळी बाई पदर सावरत आत आली. तिच्या पिशवीतल्या डब्याला ठेच्याचा वास होता. मित्रांनो, मी तिला लगेच ओळखले.

त्या पुष्पाबाई होत्या. मागून चिंधा आले. त्यांचे आयुष्य पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात गेले होते. वाफेने आणि रसायनांनी त्यांची छाती भरून यायची, डॉक्टरांनी काम सोडायला सांगितले होते. गावी त्यांची थोडी जागा होती, विहीर होती, पण घर नव्हते. घर बांधण्याइतकी ऐपत नव्हती. तेव्हा योगराजनेच त्यांना सुचवले होते की घरगाडी घ्या, गावी नेऊन जागेवर उभी करा, झाले घर.

पुष्पाबाईंनी नळ फिरवून पाहिला. खिडकी सरकवली, परत लावली, परत सरकवली. बाकावर बसल्या. त्यांनी सुरतेत किती भाड्याच्या खोल्या बदलल्या, ते त्या चिंधांना एकेक गल्ली घेऊन आठवून सांगू लागल्या. मग एकदम थांबल्या आणि रेक्झिनवरून हात फिरवत म्हणाल्या, "या घरले घरमालक नही."

त्यांची मुलगी नूतन मात्र बाहेरच होती. नूतन पिकअप चालवते. पलसाण्याच्या कारखान्यांतून कापडाचे ताके भरून सुरतेच्या बाजारात पोचवते. ती खाली वाकून माझी चाके बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. एकदा खालून दाखवून घेऊ का?"

योगराजचा चेहरा पडला. पण तो लगेच म्हणाला, "दखाडी ले ना. मंग मी कसाले शे? इतला वरीस मी वापरी. तुना मामावर तुले इस्वास नही का?"

आतून पुष्पाबाई ओरडल्या, "नूतन! मामाले असं इचारतस का?"

नूतन ओशाळली. "सॉरी मामा," म्हणाली आणि उभी राहिली.

मला तोंड असते तर मी त्या वेळी ओरडले असते. दांड्यावरचा रंग खरवड, असे सांगितले असते. पण मला तोंड नाही. मी नवीन रंगात चमकत उभी होते, आणि माझ्या त्या चमकण्यावर विश्वास ठेवून त्या माणसांनी आपली सगळी शिल्लक योगराजच्या हातात ठेवली. मी कुणाला फसवले नव्हते. फसवायला माझा वापर झाला होता, तोही ज्याने मला बाहुलीसारखे जपले त्याच्या हातून.

निघण्याची वेळ सकाळची होती. नूतनने पिकअपला मागे गोळा बसवून घेतला होता. पुष्पाबाईंनी सामान भरले. लोखंडी पेटी, पितळेची भांडी, जाते, धान्याच्या गोण्या, सगळे जड सामान मागच्या टोकाला गेले, कारण मागचे दार जवळ पडत होते. पाण्याचे कॅन पुढे आणणारा योगराज हे बघत उभा होता. त्याने माझ्या कपाळाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. नूतनने स्वतः साखळी अडकवली. पण साखळी दांड्यालाच बांधलेली होती, चिरेच्या पुढच्या बाजूला. दांडाच तुटला तर ती साखळी काय करणार?

मग पुष्पाबाई माझ्या पायरीवर चढून आत जाऊ लागल्या.

"मी मझार बठसू," त्या लाजत म्हणाल्या. "मना घरमा बठीसन गावले जासू."

योगराजच्या हातातला नारळाचा तुकडा खाली पडला. "नही आक्का! मझार नको. पुढे बस, नूतनना जोडे."

"का बरं? काय व्हई?"

"पोलीस धरतीन," तो म्हणाला. त्याने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि जवळजवळ ओढूनच खाली उतरवले. माझे दार लावले, कडी घातली. पुष्पाबाई हिरमुसल्या, पण हसल्या. "बरं बा. तू म्हनस तं पुढे बठस," म्हणाल्या.

आम्ही निघालो. पलसाणा मागे पडले. चिंधांनी कारखान्याच्या धुराड्याकडे बघून हात जोडले, ते मला मागून दिसले. बारडोलीपर्यंत रस्ता सरळ होता आणि नूतन सावकाश चालवत होती. माझी शेपूट मात्र मधूनमधून हलत होती. प्रत्येक हेलकाव्याला चिरेतली पुट्टी थोडी थोडी भुगा होऊन गळत होती. मला ते कळत होते. नूतनला मात्र आरशात फक्त झेंडूचा हार आणि माझ्या दोन्ही बाजू दिसत होत्या.

बारडोलीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस लागला. एका उतारावर मागून मोठा ट्रक जोरात आला आणि घासून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने मी डावीकडे झुकले, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. नूतन घाबरली, पण तिने ब्रेक दाबला नाही. तिने नुसता पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवले. तिचे ते बरोबर होते. दांडा मजबूत असता तर मी हळूहळू शांत झाले असते.

दांडा तुटला.

पिकअप पुढे निघून गेली आणि मी एकटीच रस्त्यावर धावत राहिले. माझे नाक डांबरात घुसले, ठिणग्या उडाल्या. समोर रस्त्याकडेला उसाच्या रसाचा गाडा होता. एक बाई चरकात ऊस घालत होती. तिने वर पाहिले आणि बाजूला उडी मारली. गाड्यापासून हातभर अंतरावरून मी घसरत गेले, चारीत पडले आणि उसात आडवी झाले. मागचे सगळे सामान माझ्या पोटातून पुढे आले. लोखंडी पेटी आणि जाते पुढच्या बाकावर आदळले. बाकाच्या फळ्या मोडून पडल्या.

सगळे धावत आले. कुणालाच काही लागले नव्हते. रसवाली बाई खाली बसली होती, नूतन तिच्याशेजारी बसून तिला पाणी पाजत होती. चिंधांनी माझे दार वर उचलले. पुष्पाबाईंनी आत डोकावले. त्यांना तो बाक दिसला. त्याच बाकावर त्या बसणार होत्या.

चिंधांनी योगराजला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला, कारण वाहनांच्या आवाजात ऐकू येत नव्हते.

"योगराज, मी चिंधा बोली राह्यनू. आम्ही बारडोलीना पुढे..."

त्यांचे वाक्य पुरे होऊ न देता पलीकडून आवाज आला, "आक्का कोठे शे? मझार तं नव्हती ना?"

अपघात झाल्याचे अजून कुणी त्याला सांगितलेच नव्हते.

पुष्पाबाई माझ्या मोडलेल्या बाकाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी हळूहळू मान वळवून फोनकडे पाहिले. "आक्का? आक्का बोल ना!" फोनमधून आवाज येत राहिला. त्यांनी हात पुढे करून फोन बंद केला.

दुपारपर्यंत व्याऱ्याहून राहुल नावाचा वेल्डर क्रेनची गाडी घेऊन आला. त्याने मला उभे केले आणि तुटलेला दांडा उचलून उन्हात धरला. तुटलेल्या जागेचा एक भाग नवा, पांढरा चमकत होता. बाकीचा गंजून तपकिरी झाला होता आणि त्यावर पुट्टीचे पापुद्रे होते.

"ये आज नहीं टूटा, काका," तो म्हणाला. "आधे से ज्यादा पहले का टूटा हुआ है. ऊपर पुट्टी मारी है. किससे लिया?"

त्याच वेळी योगराज मोटारसायकलवरून उतरत होता. त्याने पुष्पाबाईंना धडधाकट पाहिले आणि रस्त्यावर खालीच बसला.

"तुले माहीत व्हतं?" पुष्पाबाईंनी विचारले.

तो तुटलेल्या दांड्याकडे बघत राहिला.

"योगराज, तुले माहीत व्हतं?"

"माले वाटनं, पोची जाई," तो म्हणाला. "एकच फेरा तं व्हता, आक्का. मंग ती तठे उभीच राहती. अन् तुले मी मझार बसू नही दिन्हं..."

"माले उतारं तू," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मनी पोर गाडी चालाडी राह्यनी व्हती. तिले का नही उतारं?"

योगराजने दोन्ही हातांनी तोंड झाकले. चिंधा त्याच्याकडे पाठ करून उसाकडे बघत उभे राहिले. इतकी वर्षे त्याला घरात घेणारे ते दोघे आणि तो, तिघांच्या मधून जणू ट्रक जात होते आणि कुणाचे कुणाला ऐकू येत नव्हते.

मला राहुलच्या वर्कशॉपमध्ये नेले. योगराजने टेम्पोचा विचार सोडला आणि सगळी रक्कम आणून चिंधांपुढे ठेवली. चिंधांनी ती माझ्या दुरुस्तीला लावली. दुसऱ्या दिवसापासून योगराज स्वतःही येऊ लागला. काम मागू लागला. राहुलला मागचे काही माहीत नव्हते, त्याला मदतीला माणूस हवाच होता. पण नूतन म्हणाली, "जमीन बदला, गाद्या बदला, टायर चढवा. दांड्याला हात लावायचा नाही."

पुष्पाबाई एका खुर्चीवर बसून सगळे बघायच्या. दुपारी त्या डबा उघडायच्या. राहुलला भाकरी द्यायच्या. योगराज लांब नळापाशी जाऊन बसायचा. एक दिवस त्याने धीर करून विचारले, "आक्का, नवी जमीन बसाडी. देख ना."

त्या उठून आल्या. पायाने जमीन दाबून पाहिली. चांगली घट्ट बसली होती. "काम बरं शे," त्या म्हणाल्या. "पण माले आते आक्का म्हनू नको."

त्या दिवशी संध्याकाळी जाण्याआधी त्याने माझ्या दारावर पूर्वीसारखी थाप मारली. मित्रांनो, तो हात मला आवडायचा. त्या हाताने मला ग्रीस लावले, माझा चिखल धुतला. त्याच हाताने माझे दुखणे रंगाखाली दडवले. थाप तशीच होती, पण मला ती नकोशी झाली. मी पत्र्याची आहे, मला दूर सरकता येत नाही. येत असते तर मी सरकले असते.

राहुलने जुना दांडा मुळापासून कापला आणि नवे लोखंडी चॅनल माझ्या सांगाड्याच्या आतपर्यंत नेऊन बसवले. साखळ्यांसाठी सांगाड्यालाच वेगळ्या कड्या जोडल्या. नूतनने सगळे शिकून घेतले. जड सामान मधल्या भागात, चाकांच्या थोडे पुढे आणि जमिनीलगत बांधले. निघायच्या आधी माझ्याभोवती फेरी मारली, दिवे बघितले, थोडे अंतर जाऊन परत थांबली आणि नट पुन्हा आवळले. कोंडाईबारीच्या घाटात ती खालच्या गिअरमध्ये सावकाश गेली. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते, तिने लक्ष दिले नाही. दहिवेलला चहाला थांबली तेव्हा चहाआधी वाकून हुक बघितला.

गावी विहिरीजवळ मला उभे केले आहे. चाकांना दगड लावले आहेत, खाली जॅक दिले आहेत. दांड्याला ओढायला आता पुढे कुठलीच गाडी नाही. चिंधांचा खोकला बराच कमी झाला आहे. सणासुदीला योगराजचा फोन येतो. चिंधा उचलतात, दोन शब्द बोलतात. पुष्पाबाई त्या वेळी विहिरीकडे जातात.

मित्रांनो, तुम्ही जुनी वस्तू घ्याल तेव्हा तिचा रंग बघू नका, खाली वाकून सांधे बघा, आणि मेकॅनिकला दाखवायला लाजू नका, समोर कितीही जवळचा माणूस उभा असला तरी. आणि कधी तुमच्यावर आपली जुनी वस्तू दुसऱ्याला द्यायची वेळ आली, तर तिची चीर त्याला स्वतःहून दाखवा. भाव कमी येईल, येऊ द्या. आम्हा मुक्या वस्तूंच्या अंगावर तुमचे खोटे रंगवू नका. ते आमच्याकडून धुतले जात नाही.

रोज सकाळी पुष्पाबाई उठतात, चूल पेटवण्याआधी बाहेर येतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि माझ्या नव्या दांड्याच्या सांध्यावर नख फिरवून बघतात. मी कुठेही जाणार नाही, हे त्यांना माहीत आहे. चिंधा रोज विचारतात, "आते काय देखस?" त्या नख फिरवून झाले की मगच आत येऊन चहा ठेवतात.